गुरुवारी घरी नेलेलं वचन

आइस्क्रीमचे रिकामे डबे कोणी मुद्दाम जमवत नाही. तरी एक दिवस कपाट उघडावं आणि ते धडाधड अंगावर यावेत, तसं आमच्या गुरुवारच्या मंडळींच्या किश्शांचं झालंय. एक काढायला जावं तर मागून चार घरंगळतात. परवा कॉलेजच्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, "तू परत जाऊन नक्की करतेस तरी काय?" तिला उत्तर देता देता माझा चहा दोनदा थंड झाला.

आधी मंडळी सांगते. अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या पुलामागे आमचं गावठाण आहे. बहुतेक घरांवर मजले चढलेत, खाली दुकानं निघालीत, पण मधला क्रूस जागचा हललेला नाही. माझी शाळा निलगिरीतल्या एका बोर्डिंगमध्ये झाली, कॉलेज आयर्लंडमध्ये. बारा वर्षं बाहेर काढून गेल्या वर्षी मी परत आले, ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. रविवारी मिस्सात ऐकलेलं शुभवर्तमान चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरायचं, हे मला बघवत नव्हतं. ते घरी न्यावं, सोमवारी वापरावं, त्याला हळदीचे डाग पडावेत, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी फिलू आंटीच्या ओटीवर वाचन सुरू केलं. नियम सोपा. बायबलमधला एक उतारा वाचायचा, तीन मिनिटं गप्प बसायचं, मग प्रत्येकाने एक वचन घरी न्यायचं. आठवडाभर ते जगायचं आणि पुढच्या गुरुवारी काय झालं ते खरं खरं सांगायचं.

येणारे चार जण. फिलू आंटी, वय बहात्तर, घर तिचं आणि चहाही तिचाच. बेनी अंकल, रिटायर्ड मेकॅनिक, जिभेला ब्रेक नाही. जोशीकाकू, पलीकडच्या सोसायटीतल्या, बँकेतून निवृत्त. त्या ख्रिस्ती नाहीत, पण फिलू आंटीबरोबर रोज सकाळी चालायला जातात आणि म्हणतात, "चांगलं वाचायला कोणाची परवानगी लागते?" चौथे माझे पप्पा. ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, सगळं ऐकायचे आणि वचन मात्र कधी न्यायचे नाहीत. "मी ऐकायला येतो," एवढंच.

*

पहिल्याच गुरुवारी मी त्यांना शांततेचं महत्त्व समजावलं. तीन मिनिटं मन रिकामं ठेवायचं, देव काय म्हणतो ते ऐकायचं. सगळ्यांनी डोळे मिटले. वरून एक विमान गेलं. मग दुसरं गेलं. बेनी अंकलचा श्वास घोरण्याकडे झुकायला लागला. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर फिलू आंटीची खुर्ची रिकामी.

ती आतून पदराला हात पुसत आली आणि शांतपणे बसली. वेळ संपल्यावर मी प्रत्येकाला विचारलं, देवाचा आवाज ऐकू आला का.

फिलू आंटी म्हणाली, "आला ना. म्हणाला, चौथी शिट्टी झाली, गॅस बंद कर."

*

बेनी अंकलने पहिलं वचन नेलं ते दुसरा गाल पुढे करण्याचं. मीच सुचवलं होतं, कारण गल्लीत स्कूटर लावण्यावरून त्यांचं समोरच्या जिमवाल्या पोराशी रोज वाजायचं.

पुढच्या गुरुवारी ते फार गंभीर चेहऱ्याने आले. सोमवारी त्या पोराने बाइक काढताना यांच्या स्कूटरचा डावा आरसा उडवला. यांनी वरून पाहिलं. तोंडात शिवी आली होती, ती चहाबरोबर गिळली. मंगळवारी, बुधवारी स्कूटर मुद्दाम तिथेच लावली. आज सकाळी त्याने उजवा उडवला.

आम्ही थक्क झालो. माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, अंकल, हेच ते, हेच जगणं. तुम्हाला आत काय वाटलं?

"वाटलं की वचन संपलं," बेनी अंकल म्हणाले. "स्कूटरला दोनच आरसे असतात. आता मी खाली जाऊन त्याच्याशी बोलू ना?"

*

दान गुप्त असावं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे फिलू आंटीने नेलं. पुढच्या वेळी ती आली ती ओठ घट्ट मिटून. मी विचारलं तर म्हणाली, "काय केलं ते सांगणार नाही. सांगितलं तर मोडेल." चेहरा मात्र असा, की दिवा लावायची गरज नव्हती.

तेवढ्यात मागच्या गल्लीतली मार्था आली. तिचा नवरा गेल्याला दोनच महिने झाले होते आणि ती धड जेवत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या हातात स्टीलचा डबा. तो तिने फिलू आंटीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "फिलू, चार दिवस दारात जेवण ठेवून पळून जातेस. बेल तरी मार गं, गार होतं."

फिलू आंटी साफ नाकबूल. कोणतं जेवण, कसलं जेवण, असे डबे बाजारात शंभर मिळतात. मार्थाने नुसतं झाकण उलटं केलं. त्यावर कोरलं होतं: 'चि. सौ. कां. फिलोमिना हिस लग्नानिमित्त, मामाकडून सप्रेम भेट.'

फिलू आंटी झाकणाकडे बघत राहिली. "पन्नास वर्षं घासतेय," ती म्हणाली, "कधी वाचलं नव्हतं."

त्या दिवसापासून मार्था दुपारी हिच्याकडेच जेवायला येते. बेलच्या भानगडीत कोणी पडत नाही.

*

आता जरा अवघड गोष्ट.

गावठाणात आमच्या घराला लागून डॉमनिककाकांचं घर आहे. पप्पांचे सख्खे थोरले भाऊ. दोन घरांच्या मध्ये एक विहीर होती. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. आमच्या घराण्यातल्या सगळ्या लग्नांचं पाणी याच विहिरीचं. आठ वर्षांपूर्वी पप्पा जहाजावर नोकरीला होते तेव्हा काकांनी घर वाढवलं आणि विहिरीवर स्लॅब टाकून जिना चढवला. पप्पांना विचारलं नाही, कळवलंही नाही. पप्पा नोकरी संपवून परत आले, बॅग हातातच होती, आणि विहीर नव्हती. त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत. भिंत एक, नळाची लाइन एक, बोलणं शून्य.

हे गावठाणात सगळ्यांना ठाऊक. मला वाटत होतं की मला कोणी काही म्हणणार नाही. पण एकदा पप्पा लवकर उठून गेले तेव्हा बेनी अंकलने रोखलंच.

"बाय, माझे दोन आरसे गेले, फिलूचं गुपित गेलं. तुझ्या घरचं काय? तिकडे वचन पोचत नाही का? नेटवर्क नाही?"

फिलू आंटीने त्यांना डोळ्यांनी दटावलं, पण त्यांचं चूक नव्हतं. त्या आठवड्यात मी माझं वचन ठरवलं: आधी जा, भावाशी समेट कर, मग वेदीपाशी ये. भाऊ माझा नव्हता, हा बारीक तपशील मी सोडून दिला.

आयर्लंडमध्ये मी समेट घडवण्याचा एक कोर्स केला होता. समोरच्याला दोष न देता, आपल्या भावना आपल्या शब्दांत मांडायच्या. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मी पप्पांना म्हणाले, "पप्पा, तुम्ही आणि काका बोलत नाही, तेव्हा मला आत कुठेतरी तुटल्यासारखं वाटतं. माझी गरज अशी आहे की आपल्या घरात संवाद असावा."

पप्पांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मग ताट पुढे केलं.

"भात वाढ."

*

उपवासकाळात फिलू आंटीने टीव्हीवरची सीरियल सोडली. चाळीस दिवस. आम्हाला वाटलं, चार दिवस टिकेल. पण ती खरंच टिकली. तिसऱ्या आठवड्यात कळलं की जोशीकाकू रोज सकाळी चालताना तिला आदल्या दिवशीचा भाग सांगतात. मी म्हणाले, आंटी, हे फसवणं झालं. ती म्हणाली, बघायचं सोडलंय, कान कुठे सोडलेत?

ईस्टर झाला, तिने पुन्हा टीव्ही लावला आणि दोनच दिवसांत वैतागून आली. "जोशीबाई, यातली सासू तर एकदम दुष्ट आहे. तुम्ही सांगायचात तेव्हा किती समजूतदार होती."

जोशीकाकूंनी चष्मा पुसला.

"काय करू? तेव्हा माझ्याकडे 'कोणाचे दोष काढू नका' हे वचन होतं."

*

जोशीकाकूंचाच अजून एक. शत्रूंसाठी प्रार्थना करा, हे वचन त्यांनी नेलं. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे त्यांच्या आयुष्यातला एकमेव शत्रू. काकूंच्या कुंड्या त्यांनी जिन्यातून तीनदा हलवायला लावल्या होत्या. काकूंनी सात दिवस, संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर, त्या माणसाचं भलं व्हावं म्हणून मनापासून प्रार्थना केली.

आठव्या दिवशी सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी पाच वर्षांसाठी बिनविरोध निवडून आले.

"माझी चूक," काकू म्हणाल्या. "भलं कुठे व्हावं ते सांगायचं राहिलं."

*

'भात वाढ'ने मी खचले नव्हते. उलट मला वाटलं, शब्द कमी पडले, आता कृती हवी. ईस्टरनंतरच्या एका रविवारी मी बाकावर आधी पप्पांना बसवलं, मग कुठे जागा नाही असं दाखवत काकांना त्यांच्या शेजारी आणून सोडलं. फिलू आंटी माझ्या कटात सामील होती. तिने पिशव्या पसरून पुढचे दोन बाक अडवून ठेवले होते.

मिस्सात एक क्षण येतो, तेव्हा फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. आजूबाजूच्यांकडे वळून आपण हात जोडतो. मी तिरक्या नजरेने पाहिलं. पप्पा उजवीकडे वळले, मला हात जोडले. मागे वळले, मागच्या सगळ्या रांगेला जोडले. पुढे जोडले. मग डावीकडे वळले, तिथे काका होते. काकांच्या पलीकडे खांब होता. पप्पांनी काकांच्या डोक्यावरून खांबाला मनोभावे हात जोडले.

पुढच्या रविवारपासून काका सकाळी सहाच्या मिस्साला जायला लागले.

फिलू आंटी म्हणाली, "खांबाला तरी शांती मिळाली." मला हसू आलं नाही. मी घरी जाऊन रडले. आपण मोठ्या आवाजात जे सांगतो ते आपल्याच घराच्या भिंतीवर आपटून परत येतं, हे समजायला मला कोर्स लागला नाही.

त्यात मे महिन्यात बातमी आली. काकांची मुलगी वसईला असते. काकांना आता जिने चढवत नाहीत, म्हणून ते तिच्याकडे कायमचे राहायला जाणार होते. घर भाड्याने. टेम्पो महिनाअखेरीच्या शनिवारी. हे मला फिलू आंटीने सांगितलं आणि मी पप्पांना. पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, पुन्हा उलटलं.

"किती वाजता येणार टेम्पो?" त्यांनी विचारलं.

*

आता शेवटचा.

मे महिन्यात आमच्या क्रूसासमोर रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते. प्रत्येक संध्याकाळ एका घराण्याची. ज्याची संध्याकाळ त्याने क्रूस फुलांनी सजवायचा, मेणबत्त्या लावायच्या आणि प्रार्थना संपल्यावर सगळ्यांना खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे वाटायचे. आमच्या घराण्याची संध्याकाळ आजोबांपासून ठरलेली, महिन्यातला शेवटचा शुक्रवार. भांडणानंतर ती कोणीच सोडली नाही. त्यामुळे आठ वर्षं दोन हार, मेणबत्त्यांच्या दोन रांगा आणि चण्यांची दोन पातेली. लोकांना दोन्हीकडचे घ्यावे लागतात, नाहीतर कोणीतरी दुखावतं. बेनी अंकल या संध्याकाळला चण्यांचा महापूर म्हणतात.

रोझरी मात्र दर वर्षी पप्पाच चालवतात. आमच्याकडे पुढे उभा असलेला माणूस प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो, उरलेला दुसरा अर्धा सगळे मिळून म्हणतात. पप्पांचा आवाज छान आहे, म्हणून दुसऱ्यांच्या संध्याकाळीही लोक त्यांनाच पुढे करतात. निदान मला तरी कारण तेच वाटायचं.

त्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी मी पप्पांना म्हणाले, यंदा मला चालवू द्या, तरुणांनी पुढे यायला हवं. ते नाही म्हणाले. मी हट्ट धरला, माझी ठेवणीतली वाक्यं काढली. तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"'हे आमच्या बापा' प्रार्थनेत क्षमेचं वाक्य कुठे येतं?"

मी मनात म्हणून पाहिलं. आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर, हे सगळं दुसऱ्या अर्ध्यात येतं. लोकांच्या वाट्याला.

"पुढे उभं राहिलं की ते म्हणावं लागत नाही," पप्पा म्हणाले. "मिस्सात मी त्या जागी गप्प राहतो. आठ वर्षं झाली. देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलू? तूच सांगतेस ना, जगायचं नसेल ते नुसतं म्हणू नये."

मी सांगत होते, खरंच. ओटीवर बसून, दर गुरुवारी. मला वाटत होतं, चौघांत वचन घरी न नेणारे एकटे पप्पाच आहेत. मी आत गेले आणि शुक्रवारचे चणे निवडायला घेतले.

शुक्रवारी संध्याकाळी सातला सगळे जमले. दोन हार, दोन रांगा, दोन पातेली. काका नेहमीप्रमाणे मागे, मार्थाच्या खुर्चीजवळ उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता, घराच्या दारात खोकी दिसत होती. जोशीकाकूही आल्या होत्या. पप्पा माळ घेऊन पुढे गेले. सगळे गप्प झाले. वरून एक विमान गेलं, ते जाईपर्यंत पप्पा थांबले.

ते गेलं तरी त्यांनी सुरुवात केली नाही.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. फिलू आंटीने मला कोपराने ढोसलं. मग पप्पा वळले, माणसांतून वाट काढत मागे गेले आणि काकांसमोर उभे राहिले. माळ त्यांच्यापुढे धरली.

"दादा, आज तू चालव."

आठ वर्षांत काकांनी हा आवाज आपल्या दिशेने ऐकला नव्हता. ते माळेकडे बघत राहिले. हात लावला नाही.

"मला पहिल्या अर्ध्याची सवय नाही राहिली, सायमन," ते म्हणाले. "आठ वर्षं तू पुढे असतोस. मी इथे मागे दुसराच अर्धा म्हणतोय."

"माहीत आहे," पप्पा म्हणाले. "तो आज मला दे."